‘परमेश्वराचे भय’ आणि मराठी वाचक

सुशिक्षित मराठी घरांतून बायबल आढळते, परंतु ते वाचले जाते ठराविक पानांपुरतेच. डोंगरावरील प्रवचन, उधळ्या पुत्राचा दृष्टान्त, फार तर स्तोत्रसंहितेतील दोनचार स्तोत्रे, एवढ्यावर आमच्या वाचकाचा बहुधा संतोष होतो. आणि ह्या पानांतून भेटणारा दयाळू पिता त्याला विठाबाईइतका जवळचा वाटतो, की आपण परक्या देशातील ग्रंथ वाचीत आहो ह्याचा क्षणभर विसर पडावा. हाच वाचक कधी कुतूहलाने जुन्या करारातील ‘नीतिसूत्रे’ उघडतो आणि पहिल्याच अध्यायात अडखळतो. ज्ञानाला आरंभ कोठून होतो, ह्या प्रश्नाचे उत्तर तेथे जिज्ञासा असे नाही, श्रद्धा असे नाही, प्रेम असेही नाही; ‘परमेश्वराचे भय’ असे आहे. वाचक मनाशी म्हणतो, हा रानटी काळचा अवशेष दिसतो. भयाने मनुष्य शहाणा होतो असे त्याला शाळेने शिकविलेले नसते, आणि त्याच्या संतांनीही शिकविलेले नसते. तो पुस्तक मिटून ठेवतो.

आमच्या मते हे मिटणे घाईचे आहे. नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक ही तीन पुस्तके इब्री वाङ्मयातील ज्ञानग्रंथ म्हणून ओळखली जातात, आणि ह्या तिन्हींचा मध्यबिंदू हा एकच शब्द आहे. तो काढून टाकला तर नीतिसूत्रांत व्यवहारचातुर्याची सुभाषिते उरतील, ईयोबात एका दुःखी माणसाचा आक्रोश उरेल आणि उपदेशकात नुसती खिन्नता उरेल. तेव्हा ह्या शब्दाची बाजू एकदा शांतपणे ऐकून घ्यावी, असा आमचा विचार आहे. कोणास कोणत्या धर्माकडे वळविण्याचा येथे हेतू नाही. ग्रंथ काय म्हणतो आणि ते आपल्या अनुभवास कितपत उतरते, एवढेच पाहावयाचे आहे.

ह्या पारखणीसाठी आम्ही कृष्णाकाठचा एक पट्टा निवडतो: साताऱ्याजवळील माहुलीचा कृष्णा-वेण्णा संगम ते सांगलीजवळील हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम. १९४९ साली साताऱ्याचा दक्षिण भाग व आसपासची संस्थाने मिळून ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. परंतु जिल्हे दोन झाले तरी नदी एकच आहे. हा पट्टा निवडण्याचे कारण असे, की भयासंबंधी अगदी निरनिराळी मते असणारी माणसे ह्याच मातीत जन्मली किंवा येऊन राहिली. रामदास, रामशास्त्री, आगरकर, देवल आणि रेव्हरंड टिळक ह्यांना एका पंक्तीस बसविणे सोपे नव्हे. म्हणूनच त्यांच्यासमोर हा इब्री शब्द ठेवून पाहण्यासारखा आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. मुळात जो ‘यिरआ’ शब्द आहे त्याच्या पोटात घाबरणे आणि आदराने नमणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. त्यांची फारकत करण्याची गरज इब्री भाषेस वाटलेली नाही. ‘निर्गम’ पुस्तकात सीनाय पर्वत धुमसत असता मोशे लोकांस सांगतो, की घाबरू नका, देवाचे भय तुमच्या दृष्टीसमोर राहावे म्हणून हे घडत आहे. एकाच वाक्यात भिऊ नका आणि भ्या! दोन्ही ठिकाणी धातू एकच आहे, आणि तरी ऐकणाऱ्यास विरोध जाणवत नाही. कारण पहिले भय पळावयास लावणारे आणि दुसरे जागच्या जागी सरळ उभे करणारे.

मराठीत ही सोय नाही, मात्र मराठी ह्या प्रांतात दरिद्री आहे असेही नाही. भय, भीती, धास्ती, धाक, वचक, दरारा, भीड, आदर अशी लांबलचक रांग आपल्याकडे आहे, आणि तिच्यातील प्रत्येक शब्दाची जात वेगळी. धाक बापाचा किंवा मास्तरांचा, वचक फौजदाराचा, दरारा एखाद्या करारी गृहस्थाचा, जो काही न बोलता ओसरीवर आला तरी गलका थांबतो. ह्यांत ‘भीड’ हा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. ज्याची भीड वाटते तो आपले काही वाकडे करील अशी धास्ती नसते; त्याच्या नजरेतून आपण उतरू, त्याचे मन दुखावेल, हा संकोच असतो. इब्री शब्दाचा एक मोठा भाग ह्या भिडेने व्यक्त झाला असता. पण मराठी माणसाने भिडेचा अनुभव घेऊन तिच्यावर म्हणही करून ठेविली आहे: भीड भिकेची बहीण. भिडेखातर मनुष्य जामीन राहतो, भिडेखातर खोटी साक्ष देतो, भिडेखातर न पटलेल्या लग्नास रुकार देतो. आता चमत्कार असा, की नीतिसूत्रांचा कर्ताही नेमके हेच सांगतो. दुसऱ्यासाठी जामीन राहू नको असे तो पुनःपुन्हा बजावतो, आणि एके ठिकाणी माणसांची भीती हा फासा आहे असा इशारा देऊन परमेश्वरावर भाव ठेवणारा मात्र त्यातून सुरक्षित राहतो असे त्याच वाक्यात जोडतो. आमची म्हण रोग दाखवून थांबते. तो ग्रंथ त्यावर उतारा सुचवितो. माणसांची भीड तोडावयाची, तर तिच्याहून थोर अशी एखादी भीड मनात असली पाहिजे.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात बसून मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून सबंध बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या त्याच्या थोडेच दिवस आधी हे काम पुरे झाले आणि १९२४ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. साध्या, घरगुती बायकांस कळेल अशी भाषा असावी, हा त्यांचा कटाक्ष होता. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या ह्या विदुषीने पांडित्य हेतुपुरस्सर बाजूस ठेविले, ही गोष्ट आमच्या ग्रंथकारांनी अजून पुरती मनावर घेतलेली दिसत नाही. असो.

आता नीतिसूत्रे ह्या भयाचे फळ म्हणून काय काय देऊ करितात ते पाहू. आयुष्य वाढते, मुलाबाळांस आसरा मिळतो, मनुष्य पोटभर जेवून निर्धास्त झोपतो, दुष्टांच्या भरभराटीचा हेवा सुटतो, नम्रतेच्या जोडीने धन व मान येतो. वरवर पाहता हा सौद्याचा तक्ता वाटतो, आणि असे वाटणाऱ्यास आम्ही दोष देणार नाही. ही सूत्रे बापाने मुलास, गुरूने शिष्यास सांगावी अशा थाटाची आहेत. मिसर देशातही अमेनेमोपे नामक लेखकाची अशीच शिकवण सापडली, ती १९२३ साली छापून आल्यावर नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायापासूनच्या भागाशी तिचे नाते विद्वानांच्या ध्यानात आले. दरबारात नोकरीस लागणाऱ्या तरुणास उपयोगी पडेल असे पुष्कळ त्यात आहे. मोठ्याच्या पंगतीस कसे जेवावे हेसुद्धा आहे.

परंतु ज्या जागी हे भय कामास लावले आहे त्या जागा वाचकाने निरखून पाहाव्या. खोटा तराजू आणि दोन प्रकारची वजने. शेताच्या बांधाचा दगड रात्रीतून सरकविणे. पोरक्यांच्या वावरात नांगर घालणे. शेजाऱ्यास ‘उद्या ये’ म्हणून परत पाठविणे, जवळ देण्याजोगे असताना. ह्या सर्व कृत्यांत एक गोष्ट समान आहे: साक्षीदार नसतो. किंवा असतो तो इतका दुबळा, की त्याचे कोणी ऐकत नाही. सांगलीच्या हळदपेठेची ज्यांना माहिती आहे त्यांस हरिपूरकडील पेवे ठाऊक असतील. जमिनीत खोल खणलेल्या ह्या पेवांत हळद भरून तोंड बंद करीत आणि माल महिनोन् महिने डोळ्यांआड राही. २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली. जमिनीखाली काय आहे हे वर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकास दिसत नाही. व्यापार चालतो तो न दिसणाऱ्या गोष्टीवरील भरवशावर. आणि हा भरवसा कायद्याने थोडा, शिक्षेने थोडा आणि फार मोठ्या अंशाने मापाऱ्याच्या मनातील अदृश्य दडपणाने टिकतो. आमच्या बोलीत अशा माणसास ‘पापभीरू’ म्हणतात, आणि हे विशेषण पेठेत पतीइतकेच मोलाचे असते. आमचा शब्द पापाला भितो, त्यांचा शब्द देवाला. पण पेवाच्या तोंडाशी दोघेही एकच काम करितात.

दीर्घायुष्य, धन आणि मान ही ह्या भयाची फळे खरी की खोटी, हा वाद पुढे येईलच. आमच्या मते त्याचे सर्वांत मोठे फळ वेगळे आहे, आणि ते म्हणजे निर्भयपणा. हे विरोधाभासासारखे वाटेल. ‘निर्गम’ पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात शिफ्रा व पुवा नावाच्या दोन सुइणी आहेत. इब्री स्त्रियांस मुलगा झाला तर मारून टाका, असा खुद्द फारो राजाचा हुकूम त्यांस झाला. त्यांनी तो पाळला नाही, आणि ग्रंथकार कारण देतो ते इतकेच, की त्या देवाला भीत होत्या. राजाचे नाव त्या कथेत सांगितलेले नाही. सुइणींची मात्र दोन्ही नावे जपून ठेविली आहेत. एक भय मनात पक्के बसल्यामुळे दुसऱ्या भयास तेथे जागा उरली नाही.

माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांचे उदाहरण अशा वेळी कोणाही मराठी वाचकास आठवेल. नारायणराव पेशव्यांचा १७७३ च्या ऑगस्टात खून झाला, आणि त्याचा दोष ज्याच्यावर येत होता त्याच राघोबाच्या हाती सत्ता आली. देहान्तावाचून ह्या पापास प्रायश्चित्त नाही, असे शास्त्रीबोवांनी त्याला तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले. त्यांच्याजवळ फौज नव्हती. साताऱ्यास १८१८ नंतर काही वर्षे पोलिटिकल एजंट असलेला ग्रँट डफ मराठ्यांविषयी हात राखून लिहितो. परंतु त्याच्या १८२६ सालच्या इतिहासात ह्या न्यायाधीशाविषयी मात्र मनमोकळी स्तुती आहे. रामशास्त्र्यांची दुसरी एक आख्यायिका आम्हांस ह्याहून अर्थपूर्ण वाटते. तरुण माधवराव पेशवे जपजाप्यात इतके गढले, की राज्याचे काम अडून राहू लागले. शास्त्रीबोवांनी काशीस जाण्याची रजा मागितली, आणि जपच करावयाचा तर श्रीमंतांनीही बरोबर यावे, राज्य पत्करले असेल तर त्याचे कर्तव्य करावे, असे सुनावले. येथे धार्मिकता एका बाजूस आहे आणि देवाचे भय दुसऱ्या बाजूस! आपल्या न्यायासनाचा जाब वर कोठेतरी द्यावयाचा आहे, ही जाणीव जपाच्या माळेहून जड ठरली. ‘परमेश्वराचे भय’ ह्या शब्दांचा मराठी अर्थ सांगा असे कोणी आम्हांस म्हटले, तर आम्ही ही गोष्ट सांगू.

सज्जनगडावरील समर्थांचा सूर निराळा वाटतो, पण तो ह्याच स्वराशी जुळणारा आहे. मनाच्या श्लोकांत भयाचा विषय येतो तो बहुधा भय झाडून टाकण्यासाठी; संसाराला आणि काळाला भिणाऱ्या मनाची तेथे चांगलीच कानउघाडणी आहे. पाठीशी धनी समर्थ आहे, मग इतरांस का भ्यावे, हा त्यांचा युक्तिवाद. नीतिसूत्रकार त्याच युक्तिवादाच्या दुसऱ्या टोकापासून निघतो: त्या एका धन्यास भ्या.

परंतु ह्या शब्दाचा जो दुरुपयोग झाला आहे त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. आमच्या घरांतून ‘देवबाप्पा रागावेल’ हे वाक्य मूल हट्टास पेटले म्हणजे किती सहज निघते! बागुलबुवा आणि देवबाप्पा ह्यांची कामे आपण एकमेकांत वाटून टाकिली आहेत. मूल मोठे होते, बागुलबुवा खोटा ठरतो, आणि त्याच्याबरोबर दुसराही खोटा ठरतो. ह्यात मुलाचा दोष नाही. मोठ्यांच्या व्यवहारात ह्या बागुलबुवाचा उपयोग अधिक धूर्तपणे होतो. नीतिसूत्रांतही एके ठिकाणी परमेश्वर व राजा ह्या दोघांचे भय एका दमात सांगितले आहे, आणि ते वाक्य राज्यकर्त्यांस फार आवडत आले असल्यास नवल नाही. आम्हांस ते त्या पुस्तकातील दुबळ्या स्थळांपैकी वाटते. त्या दोन सुइणींनी ते मानले नसते.

हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल ह्यांच्या १८९९ सालच्या ‘शारदा’ नाटकात ह्याची उलटी बाजू आहे. कांचनभट आपली कोवळी मुलगी पैशाच्या लोभाने म्हाताऱ्या भुजंगनाथास देण्यास निघतो. त्या लग्नास मुहूर्त, मंत्र, भटभिक्षुक ह्यांपैकी कशाचीही उणीव नाही. धर्म भरपूर आहे. भय तेवढे नाही. ज्या मुलीची बाजू घेण्यास घरात कोणी समर्थ नाही तिचा कैवारी वर कोणी आहे, ही शंकाही त्या बापाला शिवत नाही. पोरक्यांच्या शेतात शिरू नको, त्यांचा कैवारी बलवान आहे, अशा अर्थाचे जे सूत्र नीतिसूत्रांत आहे ते ह्या भटजीसाठीच लिहिल्यासारखे आहे. आमच्या समीक्षकांनी ‘शारदा’ सामाजिक नाटक म्हणून पुष्कळ वाखाणले. त्यातील ही धार्मिक पोकळी कोणी फारशी उकलून दाखविलेली आमच्या वाचनात नाही.

येथवर वाचून एखादा वाचक म्हणेल, की हे सर्व ठीक. परंतु कऱ्हाडजवळच्या टेंभूस जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांचे काय? हा आक्षेप खरा आहे, आणि आम्हांस तो टाळावयाचा नाही. आगरकर अज्ञेयवादी होते. देवाच्या भयावर उभारलेली नीती त्यांना कच्ची वाटे. नीतीचा पाया विवेकात आणि मनुष्याच्या हितात असावा हा त्यांचा आग्रह. आणि माणसांचे भय? जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पुण्याच्या रस्त्यांतून निघालेली ज्याने पाहिली आणि ज्याची लेखणी त्यानंतरही तसूभर मागे सरली नाही, त्याला लोकभयाविषयी कोणी काय शिकवावे? १८८८ साली ‘सुधारक’ काढणाऱ्या ह्या दमेकऱ्याने दारिद्र्य आणि अपकीर्ती दोन्ही पत्करून १८९५ साली देह ठेविला. तेव्हा देवाचे भय असल्याशिवाय माणसांचे भय जात नाही, असा सिद्धान्त कोणी मांडील तर आगरकर त्यास एकटे पुरे आहेत.

आश्चर्याची गोष्ट ही, की आगरकरांच्या आक्षेपाची धार बायबलातच एका पात्राच्या तोंडी आलेली आहे, आणि ते पात्र सैतानाचे आहे. ईयोब हा देवभीरू, निष्कलंक गृहस्थ, असे देव कौतुकाने सांगतो. त्यावर सैतान विचारतो, की ह्यात त्याचे मोल काय? त्याच्याभोवती आपण कुंपण घातले, त्याच्या कामास यश दिले, त्याची गुरेढोरे वाढविली. मग तो भितो ते काही फुकट नव्हे. नीतिसूत्रांनी जी फळे मोजून दाखविली ती सारी येथे आरोपपत्रात येऊन बसली आहेत! धर्मग्रंथाने आपल्याच एका पुस्तकावर असा खटला भरावा, आणि तो फिर्यादीला सोयीच्या अशा कडक रीतीने चालवू द्यावा, ह्यासारखे धैर्य आम्हांस वाङ्मयात फार थोड्या ठिकाणी आढळले. ईयोबाची संपत्ती जाते, मुले मरतात, अंगभर फोड येतात. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र सांत्वनास येतात आणि नीतिसूत्रांतील हिशेब उलटा मांडतात: दुःख आले त्या अर्थी पाप असलेच पाहिजे. ईयोब हे कबूल करीत नाही. तो देवाशी भांडतो, त्याला न्यायासनापुढे बोलावतो, कधी कधी मर्यादेबाहेर बोलतो. शेवटी वावटळीतून देव प्रकट होतो, ईयोबाच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देतच नाही. पण त्या तिघा धर्मनिष्ठ मित्रांविषयी मात्र स्पष्ट म्हणतो, की माझ्याविषयी ईयोब जसे योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाही.

ह्या निकालाचे महत्त्व आम्हांस अतिशय वाटते. मित्रांचे भय हिशेबी होते. ते देवाची खुशामत करीत होते, आणि भिडेखातर एका निरपराध माणसाविरुद्ध साक्ष देत होते. ईयोबाचे भय खटला मांडण्याइतके प्रामाणिक होते. त्या भयात काय भरलेले होते हे पाहावयाचे असेल तर वाचकाने एकतिसावा अध्याय काढावा. तेथे ईयोब शपथपूर्वक आपला हिशेब देतो, आणि त्यात म्हणतो, की माझ्या दासाने किंवा दासीने माझ्याशी वाद मांडला तेव्हा मी त्यांचे गाऱ्हाणे तुच्छ लेखिले असेन, तर देव उठून उभा राहिल्यावर मी काय उत्तर देऊ? ज्याने मला आईच्या पोटात घडविले त्यानेच त्यांनाही घडविले. हजारो वर्षांपूर्वी, गुलामगिरी ही निसर्गसिद्ध मानणाऱ्या जगात हे लिहिले गेले. आमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईने खाडा धरण्यावरून तक्रार केली असता आमच्या मनात काय येते, ते ज्याचे त्याने पाहावे.

आगरकर आणि ईयोब येथे एकमेकांच्या फार जवळ येतात. दोघांसही बक्षिसासाठी केलेला सदाचार नको आहे. दोघांत जो फरक उरतो तो उरणारच, आणि तो बुजविण्याचा प्रयत्न आम्ही करणार नाही. पण आगरकरांनी ज्या भयाचा धिक्कार केला ते ईयोबाच्या मित्रांचे होते, एवढे म्हणण्यास हरकत दिसत नाही. ‘उपदेशक’ तर ह्याहून एक पायरी पुढे जातो. नीतिमान मनुष्य आपल्या नीतीतच नाश पावतो आणि दुष्ट आपल्या दुष्टपणात दीर्घायुषी होतो, हे आपण पाहिले आहे असे तो सरळ लिहितो, आणि तरीही देवाचे भय धरण्यातच बरे आहे म्हणतो. फळांची यादी येथे पार पुसली गेली आहे. अति धार्मिक होऊ नको, हाही सल्ला त्याचाच.

आता राहिले नारायण वामन टिळक. १८९५ साली ख्रिस्ती झालेले हे कवी १९१७ साली मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास आले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला असा भेद न मानणारे ते ख्रिस्तभक्तांचे मंडळ होते. दोन वर्षांनी, १९१९ साली, त्यांचे देहावसान झाले. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे ते सांगत, आणि त्यांची कविता त्याची साक्ष देते. तीत ख्रिस्त माउली आहे, सखा आहे, गुरू आहे. मराठी ख्रिस्ती गीतास त्यांनी जे हृदय दिले ते त्यांच्याआधी कोणी दिले नव्हते, ह्याविषयी दुमत होणार नाही. मात्र त्या कवितेत भयाला जागा फार थोडी आहे, हेही नमूद केले पाहिजे. पूर्ण प्रेम भीतीस घालवून देते असे नव्या करारातील योहानाच्या पत्रात सांगितलेच आहे. टिळकांनी ते मनोमन स्वीकारले. घालवून देण्यापूर्वी ती भीती आलेली असावी लागते, हा भाग भक्तिकवितेत सहसा गृहीत राहतो.

टिळक साताऱ्यास आले त्याच १९१७ साली जर्मनीत रुडॉल्फ ओटो ह्यांचा पवित्रतेच्या कल्पनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. देवासमोर मनुष्याला जो थरकाप होतो तो साध्या भीतीहून जातीनेच वेगळा असून त्यात ओढही असते, असे त्यांचे प्रतिपादन. ह्यासाठी त्यांनी गीतेच्या अकराव्या अध्यायाचाही दाखला घेतला, ही गोष्ट मराठी वाचकास विशेष सुखावेल. विश्वरूप पाहून अर्जुन थरथरतो, आणि त्याला पहिली आठवण कशाची होते? आपण ह्याला थट्टेत, जेवताना, बसता उठता ‘अरे कृष्णा’ म्हणत आलो, ह्याची. तो क्षमा मागतो, आणि पुन्हा ते सौम्य रूप दाखविण्याची विनवणी करितो. देव ती मान्य करितो. सख्य तुटत नाही. पण ज्याच्याशी आपले सख्य आहे तो कोण आहे हे अर्जुनास त्या दिवशी कळले. ज्ञानाचा आरंभ भयात आहे, ह्या वाक्याचा एवढा स्पष्ट खुलासा आम्हांस इब्री ग्रंथातही कोठे मिळाला नाही.

राहता राहिला प्रश्न शब्दाचा. ‘भया’च्या जागी ‘आदर’ घालावा, म्हणजे सुशिक्षित वाचक बिचकणार नाही, अशी सूचना अधूनमधून ऐकू येते. ती आम्हांस मान्य नाही. आदर आम्ही सभेच्या अध्यक्षांविषयी व्यक्त करितो, आणि हार घातला की तो संपतो. आदर वाटल्यामुळे कोणी आपला तराजू दुरुस्त केल्याचे ऐकिवात नाही. ‘भीड’ जवळची होती, पण भिकेच्या बहिणीला देव्हाऱ्यात बसविणे कठीण. ‘धाक’ म्हटले की छडी आलीच. तेव्हा ‘भय’ हाच शब्द राहू द्यावा, आणि तो जेथे प्रथम येतो तेथे तळटीपेत रमाबाईंच्या भाषेइतक्या साध्या भाषेत दोन ओळी लिहाव्या. ज्या वाचकास ही पुस्तके नव्याने वाचावयाची आहेत त्याने ग्रंथातील क्रम मात्र सोडावा. आधी ईयोबाचा अठ्ठाविसावा अध्याय वाचावा, ज्यात माणसे दिवा घेऊन पृथ्वीच्या पोटात उतरतात, चांदी, सोने, लोखंड बाहेर काढतात आणि ज्ञानाची खाण मात्र त्यांना सापडत नाही, मग एकतिसावा, मग सबंध ‘उपदेशक’, जे एका संध्याकाळी वाचून होते. नीतिसूत्रे त्यानंतर, रोज एक अध्याय. अध्याय एकतीसच आहेत, महिन्यात होतात.